सूर्य लांब गेला म्हणून ताप येत नाही

‘उद्या पहाटे ५.२७ पासून अ‍ॅफेलियन सुरू. एरवी ९ कोटी किलोमीटरवर असणारा सूर्य १५.२ कोटी किलोमीटरवर जाणार, म्हणजे ६६ टक्के लांब. २२ ऑगस्टपर्यंत कडक थंडी. सर्दी, अंगदुखी, ताप, श्वासाचा त्रास होईल. व्हिटॅमिन घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा.’

दर पावसाळ्यात हाच मेसेज फिरतो. यंदा तो कळव्याला माझ्या मावशीकडे पोचला आणि अंगात ताप असताना ती काढा पीत घरी बसून राहिली. डॉक्टरकडे चल म्हटलं तर उत्तर काय, ‘अरे, सूर्य लांब गेलाय, सगळ्यांनाच होतंय.’ म्हणून हे लिहितोय.

ते ९ कोटी कुठून आले? शुक्र सूर्यापासून सुमारे १०.८ कोटी किलोमीटरवर आहे. मेसेज खरा धरला तर वर्षभर आपण शुक्राच्याही आत फिरतो! नासाच्या ग्रहांच्या तक्त्यात पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर स्वच्छ दिलंय: सर्वांत कमी १४.७१ कोटी, सर्वांत जास्त १५.२१ कोटी किलोमीटर. फरक ५० लाखांचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. मेसेजमधला १५.२ हा आकडा बरोबर आहे आणि लोक फसतात ते त्यामुळेच. एक खरा आकडा घ्यायचा आणि त्याच्या शेजारी खोटा ठेवायचा. अंतर खरंच इतकं वाढलं असतं तर ऊन एक तृतीयांशावर आलं असतं. मग सर्दीखोकल्याची काळजी करायला कोणी उरलं नसतं.

अपसूर्य स्थिती (मेसेजमधलं अ‍ॅफेलियन) असते, हे मान्य. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्यापासून सर्वांत लांब असते. पण तो एक क्षण असतो, दीड महिन्याचा मुक्काम नव्हे.

अंतरावर ऋतू ठरत असते तर जानेवारीत आपण भाजून निघालो असतो, कारण सूर्य सर्वांत जवळ असतो तो तेव्हा. त्याच जानेवारीत बदलापूरला लोक स्वेटर घालतात आणि सिडनीत भर उन्हाळा असतो. सूर्य दोघांना एकच, अंतरही एकच, मग हे कसं? पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो एकाच दिशेला कललेला राहतो. त्यामुळे कक्षेच्या एका बाजूला उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, दुसऱ्या बाजूला दक्षिण. ज्याच्याकडे झुकाव, त्याला ऊन सरळ आणि दिवस मोठा. ठाण्यात २२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच चढतो. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, मेसेजवाल्यांच्या ‘थंडीच्या’ ऐन मध्यावर, तो ठाण्याच्या थेट डोक्यावर येतो! शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या मध्यानंतर तेव्हा दुसऱ्यांदा येतो, फक्त ढगांमुळे दिसत नाही. जुलैत जो गारवा वाटतो तो या ढगांचा आणि पावसाचा.

व्हिटॅमिनबद्दल फार बोलत नाही. ज्याला कमी आहे त्याने डॉक्टरांना विचारून घ्यावं, पृथ्वीच्या कक्षेचा त्याच्याशी संबंध नाही.

खरा राग तापावरून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ताप येतो तो बऱ्याचदा डासांमुळे आणि तुंबलेल्या पाण्यामुळे: मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). उंदरांच्या मुतानं दूषित झालेलं पाणी पायाच्या जखमेला लागलं की लेप्टो होऊ शकतो. सुरुवातीला त्यात ताप येतो, अंग दुखतं, अगदी मेसेजमध्ये लिहिलंय तसंच; शिवाय डोकं दुखतं, थंडी वाजते. वेळेवर औषध मिळालं तर माणूस बरा होतो, अंगावर काढला तर मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत जाऊ शकतो. गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्या माणसाला ताप आला तर काढा बाजूला ठेवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा, पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा आणि ते सांगतील ती रक्ततपासणी लगेच करून घ्या.