कोहलबर्गच्या नावावर छडी खपवू नका

पालक-शिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘कोहलबर्गने सिद्ध केलंय की नऊ वर्षांखालच्या मुलाला फक्त शिक्षा कळते. मोठेपणी सगळेच सहाव्या अवस्थेला पोहोचतात आणि वरच्या अवस्थेतला माणूस चांगलंच वागतो. म्हणून लहानपणी धाक हवाच.’ (लॉरेन्स कोहलबर्ग हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. बरं-वाईट ठरवण्याचा विचार सहा अवस्थांतून वाढत जातो, शिक्षेच्या भीतीपासून स्वतःच्या तत्त्वांपर्यंत, असं त्याने मांडलं.) टीईटीसाठी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेसाठी, त्याच्या अवस्थांचा तक्ता पाठ केलेले शिक्षकही हे पुढे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

‘मुलाला फक्त शिक्षा कळते.’ कोहलबर्गचा १९५८चा प्रबंध शिकागो परिसरातल्या १० ते १६ वर्षांच्या मुलग्यांवर होता. हाइन्झ नावाच्या माणसाची बायको कॅन्सरने मरणाला टेकलीय, औषधवाला दसपट किंमत मागतोय. हाइन्झने औषध चोरावं का, असं कोहलबर्ग विचारायचा. मोजायचा ती उत्तरामागची कारणं. कारण नीट मांडता न येणं म्हणजे बरं-वाईट न कळणं नव्हे. पुढे ट्युरिएल आणि स्मेटाना या मानसशास्त्रज्ञांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना सोप्या शब्दांत विचारलं. दप्तर कुठे ठेवायचं असल्या नियमात बाईंनी सूट दिली तर चालेल. पण बाईंनी परवानगी दिली तरी दुसऱ्याला मारणं वाईटच, असा या मुलांचा कल दिसला. नुसती शिक्षाच कळत असती, तर हा फरक त्यांनी केलाच नसता.

‘सगळे सहाव्या अवस्थेला पोहोचतात.’ छे! त्याच मुलग्यांचा सुमारे २० वर्षं मागोवा घेतला, तेव्हा बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतच (आपल्या माणसांच्या अपेक्षा, समाजाचे कायदे) दिसले. सहावीचा तर पुरेसा पुरावाच मिळेना, म्हणून ती गुणांकनातून काढावी लागली. शिवाय ही मोजपट्टी सगळीकडे सारखी लागू पडत नाही. मिलर आणि बर्सॉफ या संशोधकांनी म्हैसूर आणि अमेरिकेतल्या न्यू हेवनमधल्या लोकांपुढे मित्राला दिलेला शब्द आणि न्यायाचा नियम यांतला पेच ठेवला. म्हैसूरकरांनी मित्राची बाजू जास्त घेतली, आणि तेही नैतिक कर्तव्य म्हणून. कोहलबर्गच्या मोजपट्टीत न्यायाचा विचार वरचा, नात्याचा खालचा. मग त्यांना खालच्या अवस्थेतले म्हणायचं?

‘वरच्या अवस्थेतला चांगलंच वागतो.’ मानसशास्त्रज्ञ ब्लासी यांनी १९८०मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं. विचार आणि वर्तन यांचा संबंध आहे, पण ‘चांगलंच’ म्हणण्याइतका पक्का नाही.

राहिला ‘धाक’. तो कोहलबर्गने सांगितलेलाच नाही. विचार वाढतो तो पेचांवर चर्चा करून, असं त्याचं म्हणणं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला १९७४मध्ये त्याच्या मदतीने क्लस्टर स्कूल सुरू झालं. तिथे शाळेचे नियम सभेत ठरत, आणि विद्यार्थी असो वा शिक्षक, प्रत्येकाला एकच मत असे.