वाफ, सॅनिटायझर आणि बंद दार

लॉकडाऊनमधल्या आजारपणावर आपण भरपूर बोललो, भाजण्यावर मात्र जवळजवळ नाहीच. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. कारखाने, हॉटेलं, लग्नातल्या आचाऱ्यांच्या भट्ट्या, सगळं थंड पडलं. बऱ्याच ठिकाणी बर्न्स वॉर्डात रुग्णही कमी आले. तेवढंच एक बरं झालं, असं म्हणणारे मला भेटले आहेत. पण कमी आले म्हणजे कमी भाजले असं थोडंच आहे? रिक्षा नाही, एसटी नाही, आणि हॉस्पिटलात गेलं तर कोरोना लागेल ही धास्ती. माणसं हळद नाहीतर टूथपेस्ट थापून घरीच बसली.

आणि घरात काय चाललं होतं? वाफ! सकाळ-संध्याकाळ वाफ. व्हॉट्सॲपवर काका-मामांचे मेसेज, 'वाफेने विषाणू मरतो.' याला पुरावा काहीच नव्हता. आयुष मंत्रालयाच्या सूचनेतही कोरड्या खोकल्यासाठी पुदिना किंवा ओवा घालून दिवसातून एकदा वाफ घ्या, एवढंच होतं. आपण ते तीन वेळांवर नेलं आणि पोरांनाही बसवलं. वाफेचं यंत्र किती जणांकडे असणार? उकळतं पातेलं जमिनीवर, नाहीतर डुगडुगत्या स्टुलावर, आणि डोक्यावरून टॉवेल. आत काही दिसत नाही, पोराला चटका बसतो, ते झटक्यात मागे होतं आणि पातेलं मांडीवर. म्हणजे भाजतं ते बहुतेक वाफेने नाही, कलंडलेल्या पाण्याने. ६० अंशांचं पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, लहान मुलाला त्याहून लवकर. आणि हे तर आत्ता गॅसवरून उतरवलेलं.

हे फक्त आपलंच अडाणीपण नव्हे हं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी २०२० मध्येच 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की वाफ घेताना भाजलेली मुलं त्यांच्याकडे नेहमीच्या ३० पट येत आहेत. मूळ आकडा लहान होता, मान्य. पण इशारा तर होता! आपल्याकडे तो कुठल्या फॅमिली ग्रुपवर फिरला? मास्क कसा लावायचा हे कॉलर ट्यूनने घोकून घेतलं, पातेल्याबद्दल चकार शब्द नाही.

सॅनिटायझरचं निदान बोललं तरी गेलं. ५ एप्रिलला रात्री ९ वाजता दिवे लावायचे होते, तेव्हा अल्कोहोलवालं सॅनिटायझर लावून काडी ओढू नका असं सरकारनेच सांगितलं होतं. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी, उजेडात धड दिसतही नाही. हात ओला असतानाच गॅस पेटवला की संपलं.

आता ज्यावर बोलायला लोक कचरतात ते. बाई भाजली की 'स्टोव्हचा भडका उडाला' हा जबाब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जातो. त्यातले काही जबाब खरे असतात. पण लॉकडाऊनमध्ये राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्या होत्या, माहेरी जायची वाट बंद होती आणि छळणारा चोवीस तास घरात. त्या काळातल्या अशा प्रत्येक जबाबापुढे 'अपघात' लिहून मोकळं होणं मला पटत नाही. ते कागद कुणीतरी पुन्हा उघडून बघायला हवेत. बघेल कोण, ते विचारू नका.

वाफ तर अजूनही सुरूच आहे, सर्दी झाली की पातेलं निघतंच. तेव्हा एवढं करा: पातेलं ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवा आणि पोरांना पातेल्यावर वाकवून बसवूच नका. भाजलंच तर लगेच साधं वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं घ्या आणि तांब्याने ओतत राहा. फोड फोडू नका, स्वच्छ कापड सैल गुंडाळा आणि निघा.