ॲप बदला म्हणून ग्रुप हलत नसतो

गेल्या वर्षी म्हणजे 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधे सगळे व्हॉट्सॲप सोडून धडाधड झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टाई या मेसेजिंग ॲपवर जायला लागले तेव्हा आमच्या कोथरूडच्या घरी पण वाद झाला, दादाचं म्हणणं स्वदेशी आहे तर घ्या, आईचं म्हणणं सोसायटीचा ग्रुप जिथे तिथे मी. इथे म्युनिकमधे बसून मला आईचंच जास्त पटलं.

अरट्टाईवर तेव्हा कॉल एन्क्रिप्टेड होते, साध्या मेसेजला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कंपनीलाही वाचता येऊ नये अशी सोय, नव्हतंच. कंपनी आपली म्हणून डेटा आपल्या हातात आला असं होत नाही ना.

आणि सोसायटीच्या त्या ग्रुपवर सगळंच असतं हो, गुरुवारी पाणी बंद, टँकर किती वाजता, लिफ्टवाला आला का. मधे तर नव्या भाडेकरूच्या आधार कार्डाचा फोटोच कोणीतरी टाकला, नंबर जन्मतारीख सगळं सगळ्यांना दिसतंय आणि खाली दहा थम्सअप. फार वाईट वाटलं मला. पण तिथे प्रायव्हसीच्या नावाने नवीन ॲप खपवायला गेलात तर कोण घेणार?

जर्मनीत लोक फार जागरूक असं पुण्यात वाटतं. आहेतच, मास्टोडॉन, म्हणजे कुठल्या एका कंपनीच्या ताब्यात नसलेलं, वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं सोशल मीडिया, 2016 ला इथेच निघालं, इथल्या केंद्र सरकारच्या खात्यांसाठी वेगळा मास्टोडॉन सर्व्हर पण आहे. तरी मुलीच्या किंडरगार्टनच्या पालकांचा ग्रुप व्हॉट्सॲपवरच! एका बाबांनी प्रायव्हसी जपणाऱ्या सिग्नल ॲपचा आग्रह धरला, दोन-चार घरं गेली पण, मग वाढदिवसांची आमंत्रणं कळेनात म्हणून गुपचूप परत आली.

म्हणून मला वाटतं लोकांना शहाणं करून हे होणार नाही, आपली माणसं न सोडता ॲप सोडता आलं पाहिजे. मंडईत तुमचं फोनपे आणि भाजीवालीचं गूगल पे असलं तरी पैसे जातातच की. यूपीआयच्या मधोमध ते चालवणारी एनपीसीआय ही एकच संस्था बसलीये, ते विकेंद्रित वगैरे काही नाही, पण नियम केला तर कंपन्या एकमेकींशी जोडून घेतात हे आपल्याच देशात झालंय. युरोपच्या डिजिटल मार्केट्स ॲक्ट या मोठ्या टेक कंपन्यांसाठीच्या कायद्याने आता व्हॉट्सॲपला दुसऱ्या ॲपचे मेसेज घ्यायला भाग पाडलंय, सुरुवात अगदी छोटी आहे, पण आहे.

आपल्याकडे 2019 च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या विधेयकात निदान आपला डेटा दुसरीकडे न्यायचा हक्क तरी होता, 2023 च्या कायद्यात तोही गाळला. भांडायचंच तर त्यावर भांडा ना, स्वदेशी-परदेशी काय घेऊन बसलात.