फोटो अर्धाच आलाय की ओ

परवा एका टेलरच्या दुकानात एका अनोळखी काकूंनी माझे संस्कार काढले, आणि तेही अशा बाईच्या कपड्यांवरून जी जन्मालाच आलेली नाही. अजून डोक्यातनं जाईना म्हणून लिहितेय.

भाचीच्या कॉलेजात गॅदरिंग आहे, गेम नाहीतर कॉमिक्समधलं कॅरेक्टर बनून यायचं. तिला रेड सोंजा व्हायचंय. लाल केसांची, तलवारवाली, कोनान नावाच्या योद्ध्याच्या कॉमिक्समधली. मी फोटो मोबाईलवर घेतला आणि सोलापुरात कुणीही जे करेल तेच केलं, युनिफॉर्म शिवणाऱ्याकडे गेले. इथले युनिफॉर्म कुठकुठल्या राज्यांत जातात, एक चिलखत काय अवघड आहे?

टेलरकाकांनी चष्मा कपाळावर नेला, फोटो मोठा केला, परत लहान केला.

"ताई, फोटो अर्धाच आलाय की ओ."

"नाही काका, पूर्ण आहे."

"मग मुंढा कुठाय? अस्तर कुठं लावू? टेप कुठनं कुठं धरायची ते तरी सांगा."

"ती लढाईला जाते त्यात."

"अशी?"

"अशीच."

काका थोडा वेळ गप्प. मग धंद्यातला माणूस जागा झाला. "पोटाला कायच नाही ओ. माणसाचं सगळं पोटातच असतंय." मी त्यांना एका गेममधलं दुसरं चिलखत दाखवलं, म्हटलं हे बघा, हिला छातीला तरी पत्रा आहे. त्यांनी खडू घेतला आणि शाळेच्या शर्टाच्या कापडावर आकृतीच काढली. "हे कटोरी कटिंग हाय. ब्लाऊजला ठीक हाय, लोखंडाला कशाला? वरनं वार बसला की घसरून ह्या मधल्या खाचेत येणार, नेमका छातीच्या हाडावर. मधी उभार ठिवला असता तर बाजूला गेला असता की. कटिंगच चुकलंय." ही गोष्ट चिलखतांची माहिती असलेले लोक वर्षानुवर्षं सांगून थकलेत, काकांनी चहा यायच्या आत सांगितली.

मग मला चेव आला. त्यांना २०१५ च्या मेटल गिअर सॉलिड ५ ह्या गेममधली क्वाएट नावाची बाई सांगितली. स्नायपर आहे, बिकिनी आणि फाटकी स्टॉकिंग घालून युद्धभूमीवर फिरते, कारण काय तर ती कातडीतनं श्वास घेते, झाडासारखी उन्हावर जगते, कपडे घातले तर गुदमरेल. आता ह्याच मालिकेच्या २००४ च्या गेममध्ये एक म्हातारा स्नायपर आहे, तोही झाडासारखा उन्हावर जगतो, पण तो गडी व्यवस्थित कपडे घालून. त्याला काही गुदमरायला होत नाही.

काका म्हणाले, "एवढी भारी सबब मला आजपर्यंत सुचली नाही, आणि मी दिवाळीचे कपडे संक्रांतीला देतो."

इथपर्यंत मजा चालली होती. तेवढ्यात साडीला फॉल लावायला आलेल्या काकूंनी मान लांब करून मोबाईलमध्ये बघितलं आणि सुरू. आजकालच्या पोरींना लाज नाही, घरचे बघत नाहीत काय, तुम्ही मोठ्या असून असलं शिवायला आणता. मी फक्त "अहो काकू" एवढंच म्हणू शकले.

अहो काकू, हे पोरींनी काढलेलं नाही ना! १९७३ मध्ये ही रेड सोंजा पहिल्यांदा आली तेव्हा अंगात लोखंडी कड्यांचा सदरा होता, खाली लाल आखूड चड्डी. एस्तेबान मारोतो नावाच्या गृहस्थांनी तिला धातूच्या टिकल्यांची बिकिनी चढवली, आणि १९७४ पासून तीच चिकटली. काढणारा बाप्या, बघणारी बहुतेक पोरं, आणि बोलणी कुणी खायची, तर पंजाबी ड्रेस घालून टेलरकडे आलेल्या मावशीनं. हौस म्हणून कुणी बिकिनी घालत असेल तर खुशाल घालावी, माझं काही म्हणणं नाही, पण समोर भाला घेऊन माणूस उभा असताना? आमच्याकडे मे महिन्यात सात रस्त्यापर्यंत स्कूटीवर जायचं तरी सनकोट, हातमोजे, तोंडाला स्टोल, वर गॉगल असा जामानिमा लागतो, आणि तो नुसता उन्हाशी लढायला.

आणि खरी चिलखतवाली बघायला स्पेनच्या चित्रकाराकडे कशाला जायला पाहिजे? आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला जिच्या लग्नात हुंडा म्हणून विजापूरला गेला ती चांदबिबी. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून अहमदनगरच्या किल्ल्याला खिंडार पाडलं तेव्हा ती चिलखत चढवून, तोंडावर बुरखा घेऊन, नंगी तलवार हातात धरून तिथं उभी राहिली, आणि खिंडार रातोरात बुजवून घेतलं. पोट उघडं ठेवल्याचं कुणी लिहिलेलं नाही.

हे सगळं मला घरी आल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे. दुकानात मी एवढंच केलं की १९७३ वालं चित्र शोधून काकांपुढे धरलं. काकूंना पण दाखवलं, त्यांनी बघितलं नाही, त्यांना पिको करून घ्यायचा होता.

काका मात्र खूश झाले. "हां, हे शिवता येतंय. सदरा हाय. खाली चड्डीच्या जागी फुलपँट लावू, लढाई म्हणल्यावर गुडघे फुटत्यात."

"चालेल. आणि काका, पँटीला दोन खिसे."

शिलाई साडेआठशे. खिशाचे पैसे वेगळे, लेडीजला खिसा लावायची सवय नाही म्हणे.