नोंदी जोडल्या म्हणून खर्च आपोआप वाचत नाही

देशातील सर्व रुग्णालयांच्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर जोडल्या की दुबार तपासण्या थांबतील, त्या बचतीतून यंत्रणेचा खर्च भरून निघेल आणि नावे वगळल्यावर कोणाच्या खासगीपणाला धक्का लागणार नाही, असा दावा सध्या सर्रास केला जातो. अशी देवाणघेवाण व्हावी असे मलाही मनापासून वाटते. म्हणूनच ती चुकीच्या हिशेबावर उभी राहू नये.

बचतीची अपेक्षा नवी नाही. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने 2005 मध्ये वर्षाला 81 अब्ज डॉलर वाचू शकतील असा अंदाज मांडला. पुढे 2009 च्या कायद्याने मोठी अनुदाने दिली, रुग्णालयांनी संगणक प्रणाली घेतल्या, आणि 2013 मध्ये त्याच संस्थेच्या अभ्यासकांना ती बचत पदरात पडली नसल्याचे मान्य करावे लागले. प्रणाली एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि वापरायलाही सोप्या नव्हत्या, ही त्यांनी दिलेल्या कारणांतील दोन. इंग्लंडने 2002 मध्ये हाती घेतलेला राष्ट्रीय कार्यक्रम तर अब्जावधी पौंड खर्चून 2011 मध्ये गुंडाळण्याचे ठरले.

खरा खर्च कुठे दडतो, हे एका अहवालावरून कळते. उपाशीपोटी साखर एका प्रयोगशाळेत 126 लिहिली जाते, दुसरीत 7. पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे, दुसरा मिलिमोल प्रति लिटरमध्ये, आणि दोन्हींचा अर्थ एकच. एकक न नोंदवता हे आकडे एका तक्त्यात आले, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा रुग्ण संगणकाला जिवावर बेतण्याइतकी साखर उतरलेला दिसेल. पेनिसिलिनची ॲलर्जी कोणी ठरलेल्या रकान्यात भरतो, कोणी शेऱ्यात लिहितो, आणि शेऱ्यातली ॲलर्जी धोक्याचा इशारा देत नाही. ही सफाई माणसांनाच करावी लागते, ती कायम चालते, आणि बचतीच्या हिशेबात तिचा रकाना सहसा नसतोच.

नावे वगळण्याचा भरवसाही टिकत नाही. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी 2000 मध्ये दाखवले की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी टपाल क्रमांक एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे 87 टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याजोगे होते. ऑस्ट्रेलियाने 2016 मध्ये खुल्या केलेल्या वैद्यकीय देयकांच्या निनावी नोंदींतून मेलबर्न विद्यापीठाच्या अभ्यासकांनी माणसे शोधता येतात हे सिद्ध केले. बाळंतपणाची तारीख शेजाऱ्यांनाही ठाऊक असते; तेवढ्या धाग्यावरून उरलेला सगळा आजारपणाचा इतिहास हाती लागू शकतो.

या दाव्याने सर्वांत मोठा लाभ मात्र मोजलेलाच नाही, याचे मला वाईट वाटते. कोविडवरील उपचार पारखणाऱ्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीने आरोग्यसेवेतील जोडलेल्या नोंदींचा आधार घेत, मार्च 2020 मध्ये सुरू होऊन जूनमध्येच दाखवून दिले की डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवते. त्याच वर्षी तिथे उभी राहिलेली ओपनसेफली ही व्यवस्था नोंदी बाहेर नेत नाही; संशोधकाचे गणित नोंदींपाशी जाते आणि फक्त एकत्रित निष्कर्ष तपासून बाहेर येतात. एस्टोनियात आपली नोंद कोणी उघडली, हे रुग्णाला स्वतः पाहता येते. या दोन्ही व्यवस्थांना पैसा लागतो, आणि तो पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवा.