डी रॉयटर आठवायचा तर १६७३ चा आठवा

डच आरमाराचा विषय निघाला की कुणीतरी इंग्लंडमधली मेडवे नदी काढतंच. जून १६६७. डचांनी नदीत शिरून इंग्रजांनी आडवी लावलेली लोखंडी साखळी तोडली, चॅटमला नांगरलेली जहाजं जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे राजाच्या नावाचं जहाज ओढत घरी नेलं. त्याच्या पिछाडीवरचं कोरीव राजचिन्ह आजही ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. गोष्ट झकास आहे, वादच नाही. पण तेव्हाच्या डच आरमाराचा प्रमुख मिखील डी रॉयटर याचं मोठेपण तिच्यावरून ठरवायचं, हे मला पटत नाही.

एक तर त्या मोहिमेमागचं डोकं तेव्हा डच कारभार चालवणाऱ्या मुत्सद्दी योहान डी विटचं. त्याचा भाऊ कोर्नेलिस आरमारासोबत होता आणि नदीत शिरलेली तुकडी व्हान घेंट या दुसऱ्या सेनानीच्या हाताखाली होती. शिवाय समोर होतं कोण? खजिन्यात खडखडाट म्हणून इंग्रजांनी मोठी जहाजं बंदरात बांधून ठेवलेली, खलाशांचे पगार थकलेले.

खरा कस लागला १६७३ मध्ये. आदल्या वर्षी फ्रान्सच्या फौजा निम्म्याअधिक देशात घुसल्या होत्या, समुद्रावर इंग्लंड आणि फ्रान्स एकत्र. हेगमध्ये जमावाने डी विट बंधूंना ठार मारलं. डी रॉयटर त्यांच्या गोटातला समजला जायचा, त्याच्या घरावरही जमाव चालून गेला होता. तरी नव्या सत्ताधीशासाठी, तिसऱ्या विल्यमसाठी, तो पुन्हा जहाजावर चढला. माणसं कमी, दारूगोळा कमी, शत्रूकडे जवळपास दीडपट जहाजं. इंग्रज फौज डच किनाऱ्यावर उतरवायची असा शत्रूचा बेत.

डी रॉयटरने काय केलं? स्खेल्ड नदीच्या मुखाजवळ, स्खोनेव्हेल्डच्या वाळूच्या बांधांमध्ये जाऊन बसला. डच जहाजांची बुडं आधीपासूनच उथळ पाण्याला साजेशी. इंग्रजांच्या खोल बुडाच्या जहाजांना तिथे जपून वावरावं लागे. वारा आणि भरती सोयीची असेल तेव्हा बाहेर पडायचं, ठोकायचं, पुन्हा आत. जूनमध्ये दोनदा, ऑगस्टमध्ये टेक्सेलपाशी तिसऱ्यांदा. तिन्ही लढायांत ‘रॉयल चार्ल्स’सारखी लूट नाही, चित्रकाराला खूश करणारा जाळ नाही. पण फौज काही उतरली नाही, आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये इंग्लंड युद्धातून बाहेर पडलं.

याच युद्धाची झळ मुंबईपर्यंत आली होती. १६७३ च्या सुरुवातीला रिक्लॉफ व्हान खुन्स डच ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार घेऊन मुंबईसमोर आला होता. वेंगुर्ल्याला वखार असलेली कंपनी ती हीच. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर ऑन्जियर याने बंदोबस्त चोख ठेवला होता, व्हान खुन्स तसाच परतला.

हा हिशेबीपणा डी रॉयटरकडे आला कुठून? माझ्या मते व्यापारातून. १६०७ मध्ये व्लिसिंगेनला गरीब घरात जन्म, पोरवयात दोरखंडाच्या कारखान्यात चाक फिरवलं, अकराव्या वर्षी समुद्रावर. पुढे बरीच वर्षं मालवाहू जहाजांचा कप्तान, मोरोक्कोशी व्यापार. १६५२ मध्ये तर घरी बसायच्या विचारात होता, तेवढ्यात इंग्रजांशी पहिलं युद्ध पेटलं. जहाज बुडालं की काय काय बुडतं, हे त्याला सरदारपुत्रांपेक्षा जास्त कळत असणार.

त्याला देव्हाऱ्यात बसवायचं मात्र कारण नाही. १६६४-६५ मध्ये त्याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची डच ठाणी इंग्रजांकडून परत घेतली, आणि त्या ठाण्यांतून माणसं गुलाम म्हणून विकली जात होती. हाच माणूस फेब्रुवारी १६७६ मध्ये नेपल्सला स्पॅनिश गॅली जहाजांवर वल्ही मारायला जुंपलेल्या हंगेरियन प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांची सुटका करवतो. हंगेरीत डेब्रेत्सेनला त्याची आठवण आजही जपली जाते. आफ्रिकेत घानातल्या अक्राच्या किनाऱ्यावर कोण कशाला जपेल? एक बाजू सांगून दुसरी गिळणाऱ्या पोस्टी वाचल्या की माझं डोकं सणकतं.

आणि शेवटी सरकारने त्याच्याशी काय केलं पाहा. १६७५ मध्ये फ्रेंचांविरुद्ध स्पेनच्या मदतीला सिसिलीकडे पाठवायचं ठरलं. एवढ्या आरमारात भागणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. म्हातारपणी घाबरलात की काय, असं त्यालाच ऐकवलं गेलं! तो गेला. २२ एप्रिल १६७६ ला ऑगुस्ताच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय निकामी झाला, आठवड्याभरात सिराक्यूजला मेला. ॲम्स्टरडॅमच्या न्यूवे केर्क चर्चमधली समाधी मात्र सरकारने चांगली दिमाखदार बांधली.