बोर्ड मुलांकडेच राहू द्या

अर्डुइनो म्हणजे प्रोग्राम लिहून दिवे, सेन्सर चालवता येतात असा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्याची शिबिरं शहरांपुरती न राहता तालुक्याच्या गावी यावीत, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. मी देवगड तालुक्यात विज्ञान शिकवते. आमच्याकडे एकदा दोन दिवसांचं शिबिर झालं. पोरांनी एलईडी लुकलुकवला, टाळ्या वाजल्या आणि संध्याकाळी सगळे बोर्ड खोक्यात भरून परत गेले. दुसऱ्या दिवशी मुलं विचारतायत, "बाई, आता कशावर करायचं?" फार वाईट वाटलं.

२००५ साली इटलीत हा बोर्ड तयार झाला तोच मुळी विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून. आराखडा खुला आहे, कोणीही बनवू शकतो, म्हणून तर ऊनो या अर्डुइनोच्या नेहमीच्या प्रकाराच्या धर्तीचा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. मग शिबिराच्या फीमध्येच तो धरा आणि मुलांच्या हातात ठेवा.

खरं शिक्षण नंतरच होतं हो. आम्ही वर्गणी काढून चार बोर्ड घेतले. नववीतल्या एका मुलीने नव्या कलमाच्या आळ्यात ओलावा मोजायचा दोन दांड्यांचा सेन्सर खुपसला. थोड्याच दिवसांत एक दांडी हिरवी पडून झिजली. ओल्या मातीत सतत वीज खेळती ठेवली की असंच होतं. तिने सेन्सरची वायर सतत वीज देणाऱ्या ५ व्होल्टच्या पिनवरून काढून, प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या डिजिटल पिनला लावली आणि तासातून एकदा, क्षणभरच वीज द्यायचा प्रोग्राम लिहिला. कोणी सांगितलं नव्हतं तिला!

आणखी एक. अर्डुइनो डे, म्हणजे जगभर साजरा होणारा अर्डुइनोचा दिवस, बहुधा मार्चच्या सुमारास येतो, तेव्हा इथे परीक्षा आणि आंबा दोन्ही अंगावर असतात. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत या, राहायची सोय आम्ही करू.